ओगराळंवाली

नणंद पाणी मागत होती आणि आत्याबाई देत नव्हत्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. तांब्या त्यांनी मांडीवर घेऊन पदराखाली झाकला होता, पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून. पोर दहा वर्षांची. पहाटेपासून जुलाब आणि उलट्या चालल्या होत्या. उन्हं डोक्यावर आली तोवर तिचे डोळे खोल गेले होते आणि बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. "पानी" म्हणताना नुसते ओठ हालत होते. वाखा झालेल्या माणसाला पाणी द्यायचं नाही, पाण्यानं वाखा वाढतो, हे तेव्हा सोलापूरच्या सगळ्या भवानी पेठेला ठाऊक होतं. वाखा म्हणजे पटकी, ज्याला डॉक्टर लोक कॉलरा म्हणतात.

तेवढ्यात ती आत आली. बूट घालून, थेट अंथरुणापर्यंत.

"पायताण काड आदी," आत्याबाई म्हणाल्या.

"मावशी, तो तांब्या इकडे द्या."

"न्हाय."

"पाण्यावाचूनच मरतात ही माणसं. मी तिकडच्या शेडमध्ये बघून आलेय."

"तू काय काय बघून आलीस ते सांगू नगंस मला. हिरीचं वाटोळं केलंस तेवढं बास झालं. आता माज्या घरात नगं. ऊठ, जा."

ती उठली नाही. पोरीच्या उशाशी मांडी घालून बसली आणि हात पुढे करून तशीच राहिली. तिच्या अंगावर ते डागाळलेलं लुगडं होतं. ते बघून आत्याबाईंनी तांब्या आणखी घट्ट धरला.

ही कोण आणि हिरीचं, म्हणजे विहिरीचं, काय झालं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शाळामास्तर राहत, त्यांची ही मुलगी. पुण्याला कॉलेजात होती. तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा पेठेतली चार मुलं कॉलेजात गेली तरी लोक बोट दाखवून सांगत, आणि ही तर मुलगी. उंच, काळीसावळी, हाडं दिसावीत इतकी वाळकी. विशी आली तरी लग्न नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली की भर दुपारी फिरायची. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन, माणसं वाळ्याचे पडदे ओले करून आत पडलेली, कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला निजलेली, आणि ही बापाची काळी छत्री घेऊन नऊवारी लुगड्याखाली कॅनव्हासचे बूट घालून घरोघर चालली आहे.

काखेत ओगराळ्यांचा भारा. घासलेटच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून कल्हईवाल्याकडून तिनं ती बनवून घेतली होती. लांब दांडा आणि टोकाला वाटी. कुणाच्याही घरात शिरली की बरं आहे का, मुलं काय करतात, असलं काही नाही. पहिला प्रश्न, "रांजण कुठाय?" मग रांजणात डोकं घालून बघायची. एखादी बाई तिच्यादेखत तांब्यासकट हात आत बुडवून पाणी काढायला लागली की ही ओरडायची, "हात बाहेर, ओगराळं आत!" आणि रांजणाशेजारी खिळा ठोकून एक ओगराळं टांगून जायची. हातोडी तिच्याकडे असायची. खिळा ठोकू का असं तिनं कुणाला विचारलेलं मला आठवत नाही.

पोरं तिच्यामागून ओरडत जायची, "हात बाहेर, ओगराळं आत!" एकदा ती गर्रकन वळली. पोरं पळाली. "पळता कशाला? आवाज बारीक येतोय. पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं पाहिजे. पुन्हा म्हणा." पोरं पुन्हा म्हणाली. मग रोजच म्हणू लागली आणि थट्टेतली गंमत निघून गेली.

धोब्याच्या गाढवाला ती "अहो, जरा बाजूला व्हा" म्हणायची आणि पोलिसाला "अरे". स्वतःशी मोठ्यानं वाद घालायची आणि बहुतेक वेळा हरायची. उकळलेलं नसेल तर पाणी प्यायची नाही, मग घर कुणाचंही असो. सख्ख्या मावशीनं हळदीकुंकवाला पाणी दिलं तर चारचौघींत विचारलं, "उकळलंय का?" ती मावशी पुढे तिच्याशी बोलली नाही. आणि वेशीबाहेरच्या वस्तीत एका बाईनं "उकाळलंय" म्हटल्यावर तिथं गटागटा तांब्याभर प्यायली. ते कळल्यावर मावशीनं दारही लावून घेतलं. मास्तरांना लोकांनी जाऊन विचारलं तर ते म्हणाले, "पाणी उकळलेलं होतं असं ती सांगते." बापही तसाच होता.

कॉलेजात काय शिकता, असं मी तिला एकदा विचारलं होतं. तिनं शिकण्याचं काही सांगितलं नाही, मंडळांचं सांगितलं. तिथं मुलांची निरनिराळी मंडळं असतात, नाटकाचं, खेळाचं, भाषणांचं. भाषणांच्या मंडळात ती गेली. तिची पाळी आली तेव्हा उभी राहून तिनं सभेला विचारलं, "मागच्या बाजूचा पिण्याचा माठ उघडा का आहे?" लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, विषयाला धरून बोला. ही म्हणाली, "आधी झाकण ठेवा, मग विषयाला धरते." तिला खाली बसवलं आणि नंतर मंडळातून काढलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, माझं मी काढलं."

ते हे सुट्टीतलं मंडळ. पुण्यात शिकणारी सोलापूरची मुलं तिनं गोळा केली आणि सांगितलं, सुट्टी घरी लोळण्यासाठी नसते. वर्षभर भाषणं ऐकलीत, आता दोन महिने हात चालवा. मुलं आली. पहिल्या दिवशी एका वकिलांचा मुलगा इस्त्रीचा कोट घालून आला, आणि येताना सगळ्यांसाठी रेशमी फितीचे बिल्ले करून घेऊन आला. तिनं सगळे बिल्ले ओच्यात घेतले आणि त्याच्या हातात बादली दिली. "बिल्ला नंतर. आधी स्वतःच्या गल्लीतली मोरी."

"अध्यक्ष कोण?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. अध्यक्ष नेमला की खुर्ची लागते, आणि खुर्ची आणली की माणूस बसतो."

निम्मी मुलं दुसऱ्या दिवशी आली नाहीत. वकिलांचा मुलगा आला, कोट घालूनच. मोरी त्यानं कोट घालून काढली. वकिलीणबाईंनी गल्लीत येऊन बोंब मारली, की बीए होणाऱ्या मुलाला भंगी केला. ही म्हणाली, "घाण केली तेव्हा कुणाला लाज वाटली नाही, काढताना कशाला वाटायला हवी?"

मी त्या मंडळात कशी गेले, तर तेलुगूमुळे. माझं माहेर केम. वडील तिथं स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले, म्हणून मला चौथीपर्यंत शाळा मिळाली. लग्न होऊन पेठेत आले तर भिंतीपलीकडे विणकरांची घरं. त्यांच्या सुना तेलुगू बोलायच्या. भिंतीवरून बोलून बोलून मला मोडकंतोडकं येऊ लागलं होतं. ते तिनं ऐकलं आणि आमच्या घरात आली.

"तुम्हाला वाचता येतं?"

"चौथी झालीया."

"उद्या सकाळी या. विणकरांच्या बायकांशी बोलायला मला माणूस हवं आहे."

आत्याबाई जात्यावरून म्हणाल्या, "आमची सून काय कालेजात हाय व्हय?"

"नाही, म्हणूनच हवी. कॉलेजातली पुष्कळ आहेत माझ्याकडे. त्यांना चूल पेटवता येत नाही."

आत्याबाई हसल्या. त्या सहसा हसत नसत. आमचे मालक गिरणीत होते, पाळीवरून आल्यावर त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "जाऊ दे की. पानी भरायला जातीच, तशी जाईल." अशी मी कॉलेजातल्या मुलांच्या मंडळात गेले. माझ्यासमोर बोलायला ती मुलं लाजायची. मी त्यांना चूल पेटवायला शिकवली.

आता हिरीचं.

आमची आणि विणकरांची हीर एकच. नगरपालिकेकडून हिरीत टाकायचं लाल औषध मिळायचं. जांभळे खडे, पाण्यात पडले की पाणी आधी जांभळं आणि मग गुलाबी होतं. पटकी पंढरपूरच्या बाजूला आली आहे असं कानावर आलं तेव्हा तिनं ते आणलं आणि एका पहाटे मुलांना घेऊन हिरीवर गेली. मीही होते. खडे बादलीत विरघळवून दोरानं खाली सोडले, वरखाली केले. उजाडल्यावर बायका घागरी घेऊन आल्या आणि खाली बघून किंचाळल्या.

"अगं बया! हिरीला न्हाण आलं की!"

कॉलेजातली मुलं कानापर्यंत लाल झाली. वकिलांचा मुलगा हिरीकडे पाठ करून उभा राहिला.

"न्हाण नाही, औषध आहे," ती म्हणाली. "पाण्याला रंग आहे, विष नाही. बघा." आणि नियम मोडून तिनं ते पाणी न उकळता ओंजळीनं पिऊन दाखवलं.

बायका शांत झाल्या. आम्ही घरी आलो. मला वाटलं झालं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा विणकर मास्तरांच्या दारात आला. विणकरांच्या त्या सगळ्या घरांचा तो वडीलधारा. त्याच्या दोन्ही खांद्यांवर सुताच्या लडी होत्या. त्यानं त्या ओट्यावर टाकल्या. पांढऱ्या सुतावर जागोजाग तपकिरी डाग, तंबाखूच्या पिचकाऱ्या उडाव्यात तसे.

सूत मागावर चढवण्याआधी खळीत बुडवतात. खळीला पाणी हिरीचं. ते पाणी त्याच्या सुना अंधार असतानाच काढायच्या. आम्ही औषध टाकलं आणि लगेच, उजाडायच्या आत, त्यांनी तांब्याच्या हंड्यात पाणी नेलं. अंधारात रंग दिसला नाही. सूत वाळल्यावर दिसला.

"हे पांढरा सूत होता, अम्मा," म्हातारा म्हणाला. तो आवाज चढवून बोलला नाही. "सगळ्या घराचा. आता काय करायचा मी?"

गल्ली जमली. मास्तरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. तिनं एक लड उचलून उन्हात धरली.

"खळीचं पाणी कधी काढता?"

"सूर्य उगवायच्या आधी. माझा बाप पण तसाच काढत होता."

ती ओट्यावरून खाली उतरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चूक माझी आहे. हीर कुणाची ते मी विचारलं. हिरीच्या पाण्यावर कुणाचं काय काम चालतं ते विचारलं नाही."

वकिलांचा मुलगा हळूच म्हणाला, "पण ताई, औषध तर बरोबरच होतं."

"औषध बरोबर होतं. मी चूक होते."

शिकलेल्या माणसानं भर गल्लीत असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. नंतरही फार ऐकलं नाही.

तिनं म्हाताऱ्याला सांगितलं, याच सुताचं लुगडं विणा. तो म्हणाला, "असला कोण नेसेल?" ती म्हणाली, "मी." त्यानं विणलं. ती तो सगळा उन्हाळा तेच नेसली. रात्री धुवायची, सकाळी नेसायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मंडळातल्या मुलांनी त्याच सुताची उपरणी करून घेतली आणि ती डाग दिसतील अशी खांद्यावर टाकून गावात फिरायला लागली. वकिलांच्या मुलानं कोटावर टाकलं.

पण म्हातारा म्हणाला, "लुगडा वेगळा, हीर वेगळी." हिरीवर विणकरांची म्हातारी माणसं पाळीनं बसू लागली. औषध टाकायला ती गेली की नुसतं हातानं 'जा' अशी खूण करत. ती रोज जायची आणि रोज परत यायची. आमच्या गल्लीतले लोकही त्यांच्या बाजूचे झाले. आत्याबाईसुद्धा. "सूत गेलं म्हंजी पोटच गेलं की," त्या म्हणायच्या. "हिला काय, कालेजात जाईल निघून."

मग पटकी आली. आधी तेल्याच्या घरात, मग मशिदीच्या मागच्या गल्लीत, मग आमच्या घरात. गावाबाहेर पटकीच्या माणसांसाठी पत्र्याची शेड उभी केली होती. तिथं नेलेलं माणूस परत येत नाही असं लोक म्हणत, म्हणून आत्याबाईंनी पोरीला उचलू दिलं नाही. ही मात्र मंडळातली मुलं घेऊन त्या शेडमध्ये जाऊन येऊन राबत होती. तिथं तिनं बघितलं, की डॉक्टर शिरेतून मिठाचं पाणी घालतात आणि मेल्यासारखं पडलेलं माणूस डोळे उघडतं. तिनं डॉक्टरांना विचारलं, शिरेतून चालतं ते तोंडातून का चालत नाही? डॉक्टर म्हणाले, उलटून पडतं, पोटात राहत नाही. ती म्हणाली, सगळंच उलटून पडत असेल का? डॉक्टरांना वेळ नव्हता. हा प्रश्न डोक्यात घेऊन ती आमच्या घरात बूट घालून आली होती.

तर ती हात पुढे करून बसली होती आणि आत्याबाई तांब्या देत नव्हत्या.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही पाणी देत नाही, कारण ही जगावी असं तुम्हाला वाटतं. मीही त्यासाठीच द्या म्हणतेय."

"आन् मेली म्हंजी?"

"मग माझ्या नावानं बोंब मारा. मी कुठं जात नाही."

"तुज्या नावानं बोंब मारून माजी पोर परत यील का?"

"नाही," ती म्हणाली.

सकाळपासून जो तो येऊन सांगत होता, देवीचं करा म्हणजे बरी होईल, लिंबाचा पाला बांधा म्हणजे बरी होईल, काळजी करू नका. सरळ "नाही" म्हणणारी ही पहिलीच.

"खात्री हाय का तुला?"

"पाण्यावाचून मरेल याची आहे. पाण्यानं जगेल याची नाही."

आत्याबाईंनी तांब्या पदराखालून काढून तिच्यापुढे ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

तिनं ते पाणी ओतून टाकलं. उकळलेलं नव्हतं. मला चूल पेटवायला लावली. वकिलांचा मुलगा दारात उभा होता, त्याला फुंकणी दिली. धुरानं त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पाण्यात तांदूळ शिजवून, पातळ करून, मीठ टाकून ते गार केलं. चमचा तिनं कमरेला खोवलेलाच होता. पहिला चमचा पोरीनं लगेच उलटून टाकला. दुसराही.

"बगितलंस?" भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या.

"बघितलं. गेलं तेवढं परत द्यायचं." आणि तिनं पुन्हा चमचा भरला.

मी आयुष्यात माणसांना पुष्कळ कामं करताना बघितलं आहे. शेतात, गिरणीत, बाळंतिणीच्या खोलीत. पण त्या दिवशी तिनं जे केलं तसं दुसऱ्या कुणाला करताना बघितलं नाही. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. चमचा भरायचा, ओठाला लावायचा, थांबायचं, पुसायचं, पुन्हा भरायचा. पोर घाण करी, ती स्वतः काढी, राख टाकी, हात धुई, पुन्हा चमचा. एकदाही देवाचं नाव घेतलं नाही आणि एकदाही सुस्कारा टाकला नाही. मी म्हटलं, मी पाजते, तुम्ही पाठ टेका. ती म्हणाली, "तुमची घाई होईल." खरं होतं. माझी घाई झाली असती.

गिरणीचा भोंगा झाला. मालक घरी आले, दारातच उभे राहिले. तेव्हा पोरीनं स्वतःहून तोंड उघडलं, पाखराचं पिल्लू उघडतं तसं. आत्याबाईंनी ते बघितलं. त्या उठल्या, तिच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर. मी पाजते. माजी घाई होत न्हाय."

पुढे दोन-तीन दिवसांत पोर उठून बसली आणि भाकरी मागायला लागली. मिठाच्या पेजेनं वाचली की नशिबानं, ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरांनाही तेव्हा सांगता आलं नाही. वाचली एवढं खरं.

आत्याबाई त्या दिवसापासून पार बदलल्या असं कुणी म्हणेल, पण त्या बदलल्या नाहीत. आधी जेवढा हट्ट पाणी न देण्याचा होता, तेवढाच आता देण्याचा झाला. पोर उठल्यावर त्या पहिल्यांदा हिरीवर गेल्या आणि पाळीला बसलेल्या म्हाताऱ्या विणकराशेजारी जाऊन बसल्या.

"अवषद टाकू द्या."

"सूत?" म्हातारा म्हणाला.

"सूत पहाटं, अवषद दिवेलागणीला. रातीत रंग उडतो, ही सांगती."

"आणि नाही उडाला तर?"

"तर या टायमाला मी नेसंन. तिला एक लुगडं झालं की."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. संध्याकाळी त्यानं स्वतः बादली हिरीत सोडली. पहाटे पाणी स्वच्छ होतं. त्याच्या सुनांनी आधी पांढरी चिंधी बुडवून बघितली, मग हंडे भरले.

मग आत्याबाई हिच्याबरोबर घरोघर जाऊ लागल्या. ही रांजणात डोकं घाली आणि आत्याबाई घरातल्या म्हाताऱ्यांना झापत. "मी बी पानी देत नव्हते. माज्या पोरीला बगा जाऊन." कॉलेजातली मुलं आत्याबाईंना घाबरत. ही कुणाला घाबरत नसे, पण एकदा मला म्हणाली, "तुमच्या सासूबाई कॉलेजात असत्या तर मला मंडळ काढावं लागलं नसतं."

जून लागला. गावातली पटकी कमी झाली होती. तिच्या परीक्षेचं वर्ष होतं आणि कॉलेज सुरू होणार होतं. ज्या दिवशी तिची पुण्याची गाडी, त्याच दिवशी सकाळी आत्याबाईंना जुलाब सुरू झाले. ती निरोप घ्यायला म्हणून आली आणि बसली. थोड्या वेळानं मास्तर टांग्यात ट्रंक ठेवून दारात आले.

"अगं, गाडी चुकेल."

"चुकू दे."

"परीक्षेचं वर्ष आहे."

"माहीत आहे, बाबा. ती वाटी द्या इकडे."

मास्तरांनी छत्री भिंतीला टेकवली आणि वाटी दिली. टांगेवाल्याला परत पाठवलं.

सगळं तसंच केलं. तीच चूल, तीच पेज, तोच चमचा, तेच हात. आत्याबाई तोंड उघडून घेत होत्या, कुरकुर नाही. उलटून पडलं की स्वतःच खुणेनं सांगत, दे पुन्हा. पण त्यांच्या पोटात काही ठरेना. वय झालेलं, सगळं आयुष्य काबाडकष्टात गेलेलं. तिनं वकिलांच्या मुलाला शेडवर धाडलं, शिरेतून घालायला कुणी येतं का बघायला. कुणी आलं नाही. दुपारी आत्याबाईंनी एक चमचा गिळला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ लई घातलंस," त्या म्हणाल्या.

ते त्यांचं शेवटचं बोलणं. उन्हं उतरायच्या आत गेल्या.

तिनं त्यांची नाडी बघितली, पापण्या मिटल्या, चादर सारखी केली. वाटी आणि चमचा उकळत्या पाण्यात टाकून काढला आणि मला विचारलं, "शेजारी कुणाला होतंय म्हणाला होतात तुम्ही?"

मी चिडले. तोंडावर म्हणाले, "दगडाचं काळीज हाय तुमचं."

"असेल," ती म्हणाली, आणि बूट घालून शेजारी गेली.

तिचं ते वर्ष बुडालं. पुढच्या वर्षी परीक्षा दिली म्हणतात. सुट्टीतलं मंडळ मात्र ती सोलापूर सोडून गेल्यावरही काही वर्षं चाललं. वकिलांचा मुलगा चालवायचा, अध्यक्ष न नेमता. पुढे ती कुठंतरी खानदेशात मास्तरीण होती असं ऐकलं. मी तिला पत्र लिहिलं नाही. काय लिहायचं असतं अशा माणसाला, ते चौथीत शिकवलेलं नव्हतं. पुढाऱ्यांच्या सभा मी ऐकल्या, महाराज-बुवा बघितले, पण कुणाहीपुढे माझी मान आपोआप खाली गेली नाही. ती घरात आली की मात्र मी उठून उभी राहत असे, आणि ती माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोघींना पटकी झाली. आत्याबाई गेल्या. नणंद जगली. अजून आहे, अक्कलकोटला असते.